चर्च सोडलं, फॉलोअर्सही गेले : अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल इन्फ्लुएन्सर्सचं पुढे काय होतं?

सायली_टेक्सास

डॅलसच्या उपनगरात राहायला आलं की एक गोष्ट लवकर कळते. नवी ओळख झाली की नाव-गाव, मुलं किती, आणि लगेच "तुम्ही कुठल्या चर्चला जाता?" हा प्रश्न येतो. त्यात आगाऊपणा नसतो. बाळंतपण झालं की आळीपाळीने जेवण आणून देणाऱ्या बायका, मुलं सांभाळायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरी, नोकरी गेली तर कुठेतरी शब्द टाकणारे काका, हे सगळं चर्चमधूनच मिळतं. हे आधीच सांगतेय, नाहीतर पुढचा विषय नुसता इन्स्टाग्रामचा वाटेल.

इव्हँजेलिकल म्हणजे प्रोटेस्टंटांमधला तो मोठा प्रवाह ज्यात बायबल हा अंतिम अधिकार, येशूला स्वतःहून स्वीकारून 'नव्याने जन्म' घेणं आणि ते इतरांना सांगत राहणं याला सगळ्यात जास्त महत्त्व असतं. याच वातावरणात वाढून लाइफस्टाइल इन्फ्लुएन्सर म्हणून नाव कमावलेल्या आणि नंतर तिथून बाहेर पडलेल्या लोकांबद्दल मला लिहायचंय.

इथल्या ख्रिस्ती लाइफस्टाइल अकाउंट्सवर एक फोटो हमखास दिसतो. सकाळचं कोवळं ऊन, स्वयंपाकघरातलं लाकडी टेबल, कॉफीचा मग आणि उघडं बायबल. ओळींवर तीन-चार रंगांच्या हायलायटरच्या रेघा, समासात बारीक अक्षरात टिपणं, शेजारी जर्नल. याला 'क्वाएट टाइम' म्हणतात. त्या एका चौकटीत विकण्यासारखं किती असतं बघा: मग, जर्नल, पातळ कागदाच्या पलीकडे शाई उतरू न देणारे हायलायटर, बायबलचं चामडी कव्हर, फोटोतल्या बाईच्या अंगावरचा ड्रेस. प्रत्येकाला तिच्या नावाचा डिस्काउंट कोड.

माझ्या ओळखीतली एक मुलगी हेच करायची. तिची श्रद्धा दिखाऊ नव्हती, ती खरंच पहाटे उठून वाचायची. पुढे हळूहळू तिला ते पटेनासं झालं आणि टेबलावर काय ठेवायचं हा अगदी साधा प्रश्न तिच्यापुढे उभा राहिला. बायबल ठेवावं तर खोटेपणा. काढावं तर "का काढलं?" विचारायला हजारो लोक बसलेले. मग बराच काळ ती मुलांचे पाठमोरे फोटो टाकत राहिली.

शेवटी तिने खरं काय ते लिहिलं. "तुझ्यासाठी प्रार्थना करतेय" अशा शेकडो प्रतिक्रिया आल्या. काही खरोखर मायेच्या होत्या, काहींत धमकी होती. कोड देणाऱ्या कंपन्यांनी करार पुढे वाढवले नाहीत. मग नवे लोक आले, आणि त्यांना चर्चमधल्या छळाच्या कहाण्या हव्या होत्या. तिच्याकडे तशी कहाणीच नव्हती. चर्चने तिला चांगलं वागवलं होतं, फक्त तिचा विश्वास उरला नव्हता. एवढ्या साध्या सत्याला ना जुन्या लोकांत गिऱ्हाईक होतं ना नव्या.

माझं म्हणणं असं आहे की या लोकांना लहानपणापासून आपल्या आयुष्याची एक पूर्ण झालेली गोष्ट करून सांगायला शिकवलेलं असतं: मी अंधारात होते, मला प्रकाश दिसला, आता मी इथे आहे. त्या शिक्षणामुळेच ते उत्तम इन्फ्लुएन्सर होतात, आणि बाहेर पडल्यावर तेच त्यांच्या आड येतं. कारण बाहेर पडणं अनेकदा वर्षानुवर्षं अर्धवटच असतं आणि अर्धवट गोष्टीला प्रेक्षक टिकत नाही. तुम्हाला काय वाटतं?

धुंडिराज

चांगला विषय. मुळात बाहेर पडणारे लोक किती आहेत? की चार नावं गाजली म्हणून आपल्याला लाट वाटतेय?

सायली_टेक्सास

@धुंडिराज, पीआरआरआय या सर्वेक्षण संस्थेच्या आकड्यांनुसार अमेरिकेच्या लोकसंख्येत गोऱ्या इव्हँजेलिकल लोकांचं प्रमाण 2006 मध्ये 23 टक्के होतं, ते 2020 मध्ये साडेचौदा टक्क्यांवर आलं. सगळ्यांनी जाहीर राजीनामे दिले असं नाही. म्हातारी माणसं जातात, मुलं पुढे चालू ठेवत नाहीत. पण 2016 च्या निवडणुकीत दहापैकी आठ गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांनी ट्रम्पना मत दिलं, आणि ज्यांनी "चारित्र्य महत्त्वाचं" हे याच मंडळींकडून शिकलं होतं त्या पिढीतल्या पुष्कळांची तिथे काहीतरी गाठ सुटली. 'एक्सव्हँजेलिकल' (म्हणजे इव्हँजेलिकल प्रवाह सोडलेले) हा हॅशटॅगही त्याच वर्षीचा. पुढे कोविडमध्ये चर्चची दारं बंद झाली आणि ज्यांचे पाय नुसत्या सवयीने तिकडे वळत होते ते परत गेले नाहीत.

मृण्मयी_व

यात बायका इतक्या जास्त का, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सदर्न बॅप्टिस्ट हा तिथला सगळ्यात मोठा प्रोटेस्टंट संघ. त्यांच्या 2000 सालच्या श्रद्धापत्रकात पाळकाचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचं पद पुरुषांसाठीच आहे असं स्पष्ट लिहिलंय. बायकांना पाळक नेमलं म्हणून कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅकसारख्या अवाढव्य चर्चला त्यांनी 2023 मध्ये बाहेर काढलं. मग जिच्या अंगात बोलण्याची, माणसं गोळा करण्याची धमक आहे ती बाई जाणार कुठे? आधी ब्लॉग, मग इन्स्टाग्राम. व्यासपीठावरून उपदेश करायला मनाई, पण स्वयंपाकघरातून, मुलं वाढवण्याबद्दल, घर लावण्याबद्दल बोललं तर कुणाची हरकत नाही. ही 'लाइफस्टाइल' म्हणजे अनेकींच्या बाबतीत नाकारलेलं व्यासपीठच आहे.

जेन हॅटमेकरचं उदाहरण घ्या. टेक्सासमधलीच. नवऱ्याबरोबर ऑस्टिनमध्ये चर्च सुरू केलेलं, पाच मुलं, त्यातली दोन इथिओपियातून दत्तक, जुन्या घराची डागडुजी करतानाचा टीव्ही शो 2014 मध्ये. लिहायची मोकळं आणि विनोदी. इव्हँजेलिकल बायकांची ती थोरली बहीण होती म्हणा ना. ऑक्टोबर 2016 मध्ये एका मुलाखतीत तिने सांगितलं की समलिंगी जोडप्यांचं नातं पवित्र असू शकतं असं मी मानते. लगेच लाइफवे या ख्रिस्ती दुकानांच्या साखळीने तिची पुस्तकं शेल्फवरून काढून टाकली. ही साखळी सदर्न बॅप्टिस्टांचीच, त्यांची 170 दुकानं होती. ख्रिस्ती लेखिकेसाठी तिथून बाहेर जाणं म्हणजे मुख्य बाजारपेठेतून बाहेर जाणं. (ही सगळी दुकानं 2019 मध्ये बंद करायची घोषणा झाली, तो भाग वेगळा.)

आणि लक्षात घ्या, तेव्हा तिने देव सोडला नव्हता, येशू सोडला नव्हता. एका प्रश्नावर मत बदललं होतं. 2017 मध्ये 'ख्रिश्चॅनिटी टुडे' या मासिकाने एक लेख छापला. त्यात या ब्लॉग लिहिणाऱ्या बायकांवर नेमका कुणाचा अधिकार चालतो असा प्रश्न होता आणि उदाहरणात तिचंच नाव होतं. म्हणजे लाखो बायका ऐकत होत्या तोवर ठीक, वेगळं बोलली की तुला परवानगी कुणी दिली!

केतकीचं_बन

मृण्मयी, प्रतिसाद फार आवडला. हॅटमेकरचा पॉडकास्ट मी ऐकते. 2020 मध्ये तिचा घटस्फोट झाला, त्यावरचं तिचं पुस्तक 2025 मध्ये आलं. तिच्याकडे आता ज्या बायका येतात त्यांतल्या कितीतरी चर्चसाठी येत नाहीत. पन्नाशीत सगळं नव्याने मांडावं लागतंय म्हणून येतात. सायलीने म्हटलेली 'पूर्ण झालेली गोष्ट' तिने बहुतेक कधी सांगितलीच नाही, प्रत्येक टप्प्यावर "आत्ता इथे आहे" इतकंच सांगितलं.

नगरची_रूथ

मी नगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातली, चौथी पिढी. अजून चर्चमध्ये आहे आणि राहणार आहे, हे आधीच सांगते.

सायलीताई, तुम्ही जे 'गोष्ट सांगायला शिकवतात' म्हणता त्याला आम्ही साक्ष देणं म्हणतो. उपासनेत, प्रार्थना सभेत, तरुणांच्या शिबिरात उभं राहून साक्ष द्यायची. मी स्वतः दिली आहे. तिच्यात बळ असतं. दारूतून सुटलेला माणूस गावासमोर उभा राहून बोलतो तेव्हा त्याला ऐकणाऱ्यांचा आधार होतो आणि ऐकणाऱ्यांना त्याचा. त्यामुळे साक्ष म्हणजे बनवाबनवी असं कुणी समजू नये ही विनंती.

पण एक खरं आहे. साक्ष देताना शेवट गोडच करावा लागतो. "मी अजून अडकलोय, देव ऐकतोय की नाही कळत नाही" असं म्हणून खाली बसलेला माणूस मी पाहिला नाही. खरं तर स्तोत्रसंहितेत तशी स्तोत्रं आहेत, 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. बायबलमध्ये ज्याला जागा आहे त्याला सभेत जागा नाही.

आणखी एक गोष्ट. श्रद्धा आणि पोटापाणी एकाच दारातून येत असलं की काय होतं हे आपल्याकडेही घडलेलं आहे, तेही अमेरिकन मिशनमध्येच. रेव्हरंड ना. वा. टिळक नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीसेक वर्षं काम करत होते. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा मोकळा संघ काढला. ख्रिस्त सोडला नाही. पगार सोडला, जे सांगायचं ते मोकळेपणी सांगता यावं म्हणून. 1919 मध्ये ते गेलेच, त्यामुळे दरबार फार वाढला नाही. तरी त्यांची अभंग-भजनं आम्ही आजही गातो, म्हणजे श्रोता त्यांना मिळाला. मिशनमुळे मिळाला नव्हता म्हणूनच टिकला असं माझं मत.

सायली_टेक्सास

रूथताई, हे तुमच्याकडून आलं याचं मोल फार आहे. 88 व्या स्तोत्राचं मी त्या मुलीला सांगणार आहे.

प्रसाद_सिएटल

माझ्या मते दोन प्रकार वेगळे करायला हवेत: ज्यांचा माल श्रद्धा हाच होता ते, आणि ज्यांचा नव्हता ते.

ऱ्हेट आणि लिंक घ्या. नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्युईज क्रीक या छोट्या गावात पहिलीच्या वर्गात भेटलेले दोन मित्र. दोघंही कॅम्पस क्रुसेड या विद्यार्थ्यांत धर्मप्रसार करणाऱ्या संघटनेत पगारी काम करत होते. पुढे यूट्यूबवर आले. 2012 पासून 'गुड मिथिकल मॉर्निंग' हा त्यांचा रोजचा कार्यक्रम चालू आहे, त्यात चित्रविचित्र पदार्थ खाऊन बघणं, पैजा, गमतीजमती. श्रद्धेवर तो कार्यक्रम कधीच उभा नव्हता. फेब्रुवारी 2020 मध्ये त्यांनी आपल्याच दुसऱ्या एका पॉडकास्टवर तासन् तास बोलून आपण विश्वासापासून कसे दूर गेलो ते सांगितलं. ऱ्हेटचं उत्क्रांतीबद्दलचं वाचन, मग पुनरुत्थानाच्या पुराव्यांबद्दलच्या शंका, सगळं पायरी पायरीने. ख्रिस्ती जगातून टीका झाली, पुष्कळ पालक दुखावले. पण रोजचा कार्यक्रम चालूच राहिला, कारण लोक तिथे दुसऱ्याच गोष्टीसाठी येत होते. आणि पुढची काही वर्षं त्याच सुमाराला ऱ्हेट पुन्हा बसून "या वर्षी मी कुठे आहे" हे सांगत राहिला. अर्धवट गोष्टीला प्रेक्षक टिकत नाही या सायलीच्या म्हणण्याला हा मला सरळ अपवाद दिसतो.

याउलट जॉन स्टाइनगार्ड. ख्रिस्ती रॉक बँडचा गायक, पाळकाचा मुलगा. मे 2020 मध्ये त्याने इन्स्टाग्रामवर लांबलचक मजकूर टाकला: आता माझा देवावर विश्वास नाही. त्यात त्याने म्हटलंय की हे एका रात्रीत झालं नाही, स्वेटरचा एकेक धागा ओढत गेलो आणि एके दिवशी लक्षात आलं की स्वेटर उरलाच नाही. मला ते फार प्रामाणिक वाटलं. पण त्याची गाणी ज्यांनी चर्चमध्ये हात उंचावून म्हटली त्यांनी आता ती कशी म्हणायची? त्याचा माल आणि त्याची श्रद्धा वेगळी करताच येत नव्हती.

तांत्रिक बाजूही आहे. जुने फॉलोअर्स सगळे सोडून जात नाहीत. पुष्कळ जण नुसते गप्प होतात. पोस्ट आली की लाइक नाही, शेअर नाही. मग इन्स्टाग्रामला वाटतं ही पोस्ट कुणाला नकोय, आणि नव्या लोकांपर्यंत ती जातच नाही. आकडा मोठा दिसतो, पण आवाज पोचत नाही. अशा वेळी शून्यातून नवं अकाउंट काढलेलं बरं असतं, पण हातातला मोठा आकडा सोडवत नाही.

धुंडिराज

+१. शेवटचा परिच्छेद कुठल्याही धंद्याला लागू.

अवधूत_म

मला थोडं विरोधात बोलायचंय. या लोकांकडून आपण 'खरेपणा' मागतोय तो कुठल्या हक्काने? आधी चर्चने मागितला: मनातला विचारही शुद्ध हवा, पोशाख शुद्ध हवा, लग्नाआधी चुंबनसुद्धा नको. आता बाहेर पडलेले लोक मागतात: तू खरंच सोडलंस का, पूर्ण सोडलंस का, पैशासाठी तर नाही ना? परीक्षा तीच, परीक्षक फक्त बदलले. तुमच्या ओळखीतल्या त्या मुलीने पोट कशावर भरायचं? तिला दुसरं काही येत नसेल तर ती तिची कहाणीच विकणार. सुतार लाकूडकाम विकतो तेव्हा आपण त्याला दांभिक म्हणत नाही.

सायली_टेक्सास

@अवधूत_म, परीक्षेबद्दलचं पूर्ण पटलं, आणि त्या नजरेने पाहिलं की बाहेरच्या गटांतला कितीतरी राग समजतो. पण कहाणी विकण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. जॉशुआ हॅरिसचं बघा.

'आय किस्ड डेटिंग गुडबाय' हे पुस्तक 1997 चं. लिहिणारा जेमतेम विशी ओलांडलेला, शाळेत न जाता घरीच शिकलेला. म्हणणं असं की लग्नाचा विचार नसेल तर प्रेमात पडायचंच नाही, मन कुणाला थोडं थोडं वाटायचं नाही. दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. माझ्या इथल्या चाळिशीतल्या मैत्रिणींना नाव घेतलं की आठवतं. कुणाच्या आईने हातात ठेवलेलं, कुणाच्या तरुण मंडळात अभ्यासाला लावलेलं. पुढे तो मेरिलँडमध्ये मोठ्या चर्चचा पाळक झाला, 2015 मध्ये ते सोडलं. वाचकांनी त्याला येऊन सांगायला सुरुवात केली की या पुस्तकाने आमच्या संसाराचं काय झालं. 2018 मध्ये त्याने पुस्तकाची छपाई थांबवली. 2019 च्या जुलैमध्ये इन्स्टाग्रामवर आधी पत्नीपासून वेगळं होत असल्याचं आणि मग आपण ख्रिस्ती राहिलो नसल्याचं जाहीर केलं. इथवर मला त्याच्याबद्दल आदरच आहे. दहा लाख घरांत गेलेलं आपलं पुस्तक चुकलं म्हणायला छाती लागते.

पण ऑगस्ट 2021 मध्ये त्याने विश्वासाची उलटतपासणी कशी करावी याचा ऑनलाइन कोर्स काढला, किंमत 275 डॉलर. माझ्या पुस्तकांनी ज्यांना इजा झाली त्यांना फुकट, असंही म्हटलं होतं. सगळ्यात जास्त खवळले ते बाहेर पडलेलेच लोक. वीस वर्षांपूर्वी तू आम्हाला प्रेम कसं करायचं ते शिकवलंस, आता बाहेर कसं पडायचं तेही तूच शिकवणार? थोड्याच दिवसांत त्याने कोर्स मागे घेतला. तो लबाड होता असं मला वाटत नाही. त्याला विशीपासून एकच काम येत होतं: मला जे कळलं ते सगळ्यांना शिकवणं. कळलेलं बदललं, शिकवायची घाई तशीच राहिली.

सुतार टेबल विकतो ते बनवून झाल्यावर. यांचं बनवणं चालू असताना विक्री सुरू होते, माझा आक्षेप तेवढ्यावर आहे.

अवधूत_म

हॅरिसच्या बाबतीत मान्य. पण त्याच्याकडे नाव होतं, ओळखी होत्या. लहान अकाउंटवाल्या बाईला "थांब, आधी पूर्ण हो, मग बोल" म्हणणं सोपं आहे. घरभाडं थांबत नाही.

मीरा_समुपदेशक

माझं काम मानसिक आरोग्याचं, अमेरिकेतच. चर्च सोडलेले अनेक जण माझ्याकडे येतात, सगळ्यांची गोपनीयता राखून थोडंसंच लिहिते.

मार्लीन विनेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2011 मध्ये 'रिलीजस ट्रॉमा सिंड्रोम' ही संज्ञा मांडली. अधिकृत निदानांच्या यादीत ती नाही, पण ती ऐकून लोकांना हायसं वाटतं हे मी पाहिलंय. अडचण पुढे येते. कालपर्यंत 'क्वाएट टाइम'चे फोटो टाकणारी व्यक्ती आज 'डीकन्स्ट्रक्शन कोच' (विश्वासाची उलटतपासणी करायला मदत करणारी) म्हणून पैसे घेऊन सत्रं घेते. प्रशिक्षण नाही, परवाना नाही, कोचला तो लागतही नाही. समोरची व्यक्ती आईवडिलांनी बोलणं टाकलंय, नरकाच्या भीतीने रात्री झोप नाही अशा अवस्थेत असते. अवधूत, घरभाड्याचा प्रश्न खरा आहे, पण इथे ते भाडं दुसऱ्या जखमी माणसाच्या खिशातून जातं.

आणि सायली, तुमच्या ओळखीतल्या मुलीसारखे लोक मला सगळ्यात जास्त भेटतात. कुणी छळ केला नाही, फक्त विश्वास गेला. त्यांना रागावायला कुणी नसतं आणि परत जायला जागा नसते. त्यांच्या दुःखाला बाहेरच्या गटांतही जागा मिळत नाही, कारण ते चर्चबद्दल प्रेमाने बोलतात. कोरसमध्ये गाणं, रविवारचं एकत्र जेवण, म्हाताऱ्या बायकांनी नावानिशी केलेली चौकशी, हे सगळं त्यांना आठवत राहतं.

केतकीचं_बन

मीरा, यावर स्वतंत्र धागा काढा प्लीज.

मला रेचल हॉलिसचं विचारायचं होतं. तीही याच यादीत येते ना?

मृण्मयी_व

केतकी, मला नाही वाटत. ती पेंटेकोस्टल (प्रोटेस्टंटांमधलाच आणखी एक प्रवाह) पाळकाची मुलगी, 2018 चं तिचं गाजलेलं पुस्तक ख्रिस्ती प्रकाशनाचं, हे खरं. पण तिने श्रद्धा सोडल्याचं जाहीर केलेलं नाही. तिचं बिनसलं ते वेगळ्या कारणाने. नवऱ्याबरोबर लग्न कसं टिकवावं याचे कार्यक्रम करत होती आणि जून 2020 मध्ये अचानक घटस्फोट सांगितला. पुढच्या वर्षी घरी सफाईला येणाऱ्या बाईवरून एक व्हिडिओ केला, तो लोकांना फार लागला. 'मी तुमच्यातलीच' हे जिचं भांडवल होतं तिने 'मी तुमच्यासारखी नाहीच' म्हटलं. खरेपणाच्या चर्चेत ती येते, चर्च सोडण्याच्या नाही.

प्रसाद_सिएटल

अ‍ॅब्राहम पायपर राहिला. वडील जॉन पायपर, इव्हँजेलिकल जगातलं फार वजनदार नाव. मुलाला एकोणिसाव्या वर्षीच चर्चमधून काढलेलं. 2020-21 च्या सुमारास टिकटॉकवर छोट्या छोट्या व्हिडिओंमधून बालपणीच्या श्रद्धेवर बोलायला लागला आणि बघता बघता फॉलोअर्स दहा लाखांच्या घरात गेले. त्याचे उद्योगधंदे आधीपासून वेगळे होते, जिगसॉ पझल्सची कंपनीसुद्धा आहे. पोट त्या व्हिडिओंवर अवलंबून नव्हतं, म्हणून वाटेल ते बोलू शकला. रूथताईंनी टिळकांबद्दल जे लिहिलं तेच इथेही दिसतं.

नगरची_रूथ

टिळकांच्या पंगतीला एकदम बसवू नका हो, त्यांचा विश्वास शेवटपर्यंत होता. पण पोटाचं म्हणाल तर बरोबर आहे.

एक सांगायचं राहिलं. आमच्यासारखे जे आत आहेत त्यांचंही काम आहे यात. "प्रार्थना करतेय" लिहून लाइक बंद करण्यापेक्षा तिच्या घरी डबा घेऊन जावं. सायलीताई, त्या मुलीकडे तिच्या चर्चमधलं कुणी येतं का अजून?

सायली_टेक्सास

रूथताई, एक वयस्कर बाई येतात. विश्वासाबद्दल काही विचारत नाहीत, मुलांना बागेत घेऊन जातात. बाकी कुणी नाही.

अवधूतच्या घरभाड्याच्या प्रश्नावर: तिने आता एका बेकरीत सकाळची अर्धवेळ नोकरी धरली आहे. अकाउंट बंद केलेलं नाही. त्यावर पावाचे फोटो टाकते, डिस्काउंट कोड नाही. पूर्वीच्या मानाने फारच थोडे लोक बघतात. त्यातल्या काही जणी पावाच्या आंबवणाबद्दल विचारतात, तिने चर्च सोडलंय हे त्यांना बहुधा माहीतही नसावं. त्यांना उत्तरं द्यायला तिला आवडतं असं म्हणाली.

मीरा, केतकी म्हणतेय तसा धागा काढाच. कोचिंग आणि परवान्याबद्दल मला खूप विचारायचंय.